समोरची दोरी

थेंब बरोबर टाळूवर पडला. गार, साबणाच्या वासाचा.

प्रासोन जागच्या जागी थांबला. त्याच्या खांद्यावर कावड होती आणि कावडीला दोन्ही बाजूंनी रिकामी नळकांडी लटकत होती. सकाळचे सात वाजत होते. तेहतीस ताडांवर रात्रभर नीरा ठिबकून नळकांडी काठोकाठ भरली असणार, ती उतरवून ही लावायची, हे एवढंच त्याच्या डोक्यात होतं. त्याने वर बघितलं. जिन्याच्या खांबापासून चिंचेच्या झाडापर्यंत बांधलेल्या समोरच्या दोरीवर आईचं पातुंग वाळत होतं. पिवळ्या काठाचं, जांभळं, आई सणाला कमरेला गुंडाळते ते. त्याच्या पुढे अरुणीची दोन. आणि तो आईच्या पातुंगाखालून निम्मा पलीकडे आला होता.

बायकांची नेसूची वस्त्रं स्वयंपाकघरामागच्या कमरेएवढ्या तारेवर वाळतात. प्रासोनला हे कोणी कधी शिकवलं नव्हतं. चालायला कोण शिकवतं? समोरची दोरी पुरुषांच्या सदऱ्यांची, पांघरुणांची. तिच्याखालून घरातली सगळी डोकी ये-जा करतात, आणि एका डोक्याखाली, गळ्यात, ताईत असतो, बाईच्या नेसूखालून गेला की बळ गमावणारा.

त्याचा हात आपोआप छातीकडे गेला. ताईत जागेवर होता. पण आता त्यात काही उरलं होतं का, हे कोण सांगणार?

"दादा! ऊन काय छान पडलंय!" जिन्यावरून इनेश ओरडली. धाकट्या भावाची, निरुतची होणारी बायको. लिस्बनहून येऊन तिला नऊ दिवस झाले होते. बाह्या कोपरापर्यंत ओल्या, चेहरा लाल, आणि केवढा आनंद! "घमेल्यात भिजत पडलं होतं ते मी सगळं धुऊन टाकलं. मागे सावली होती, म्हणून इथे घातलं."

"अरे वा," प्रासोन हसला. "कशाला एवढा त्रास घेतलास?"

"त्रास कसला!"

"छान, छान."

त्याने कावड उतरवून खांबाला टेकवली. पाठीत उसण भरली असं काहीतरी पुटपुटला आणि खांबांवर उभ्या घराखाली, ताडगुळाच्या कढईजवळ जाऊन बसला. आमच्याकडे माणूस जितका हादरतो तितका रुंद हसतो. परक्यांना हे कळायला वर्षं जातात, काहींना जन्मात कळत नाही.

चूल पेटलेली होती. कढई रिकामी होती.

*

नवऱ्याची कावड खांबाला टेकलेली दिसताच अरुणीने हातातलं काम टाकलं. सोंगक्रानचा, थाई नववर्षाचा, सण असला म्हणून ताडांना सुट्टी नसते. ऊन वर यायच्या आत नीरा उतरवली नाही तर ती आंबते, आणि पोयीचं, नीरा ठिबकणाऱ्या फुलदांड्याचं, टोक रोजच्या रोज पातळ सोललं नाही तर पोय मिटते, ती त्या हंगामापुरती मेलीच. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, तापात फणफणत असतानाही प्रासोन चढला होता. अरुणी पुढे आली, तिने वर बघितलं, तोंडावर हात दाबला. मग काठीने तिन्ही पातुंगं उतरवून छातीशी धरली आणि धावत स्वयंपाकघरात आली.

वानपेन कोळंबीच्या वाटणाच्या गोळ्या तळत होती. प्रासोनची थोरली बहीण, बालवाडीची बाई, अविवाहित. सणाच्या दुपारी जाईच्या गार पाण्यातला भात आणि त्याबरोबर या गोळ्या, हा बेत तिच्याशिवाय कोणाला जमत नसे, आणि ती कोणाला जमू देतही नसे.

"ओले कपडे घेऊन चुलीपाशी काय येतेस?" ती वळून न बघताच म्हणाली. "अक्कल कुठे गहाण टाकलीस?"

"ताई, हे समोरच्या दोरीवर होते."

झारा हातातच राहिला.

"कोणी घातले?"

"इनेशने. बिचारीने आपणहून धुतले. आणि हे खालून गेले."

"ताईत गळ्यात होता?"

"काढतात कधी?"

वानपेनने गोळ्या काढल्या, तेल बाजूला ठेवलं, हात पुसले. एवढं सगळं शांतपणे केलं, पण अरुणीला तिचा खालचा ओठ हलताना दिसला.

"काय म्हणाले ते?"

"काय म्हणणार? हसले आणि जाऊन बसले."

"मग आज चढायचं नाही. मी सांगते त्याला. आणि धागाही आज नाही."

अरुणी चपापली. आज अकरा वाजता आईच्या हातावर जाईचं पाणी घालायचं होतं. तसं दर वर्षीच घालतात. पण या वर्षी त्यानंतर आई निरुतच्या आणि इनेशच्या मनगटांना पांढरा धागा बांधणार होती. एकदा आईने तो बांधला की लग्न ठरलं, मग पुढे कोणी ब्र काढायचा नाही. त्यासाठी तर ती पोरगी अर्धी पृथ्वी ओलांडून आली होती.

"ताई, नकळत झालं हो. तिला काय माहीत? गोड आहे ती. परवा न सांगता सगळी भांडी घासली. मला एकोणीस वर्षांत या घरात कोणी..."

"गोड आहे. मी कधी नाही म्हटलं? पण या घरात ताडावर चढणारा माणूस आहे, अरुणी. तुझाच आहे. आज दोरी, उद्या आणखी काही. बाबा गळ्यात हाच ताईत असताना पडले. सगळं गाव विचारत होतं, ताईत असून पडले कसे? आठवतंय ना?"

आठवत होतं. सहा वर्षांपूर्वी, याच महिन्यात. अरुणीने त्या दिवसापासून रोज सकाळी नवरा झाडावरून उतरेपर्यंत पाणीसुद्धा प्यायलं नव्हतं. भांडी घासणाऱ्या जावेची माया आणि नवऱ्याचा जीव, दोन्ही एका पारड्यात कशी मावणार?

"तुम्ही म्हणाल तसं," ती म्हणाली आणि तिला स्वतःचीच लाज वाटली.

"आणि तिला एक अक्षर सांगायचं नाही. पाहुणी आहे. तिला वाईट वाटायला नको."

*

"तू खाली बस, मी चढतो," निरुत म्हणाला.

प्रासोनने त्याच्याकडे पायापासून डोक्यापर्यंत बघितलं आणि त्याला खरंच हसू आलं. जहाजावर गोऱ्या लोकांना जेवू घालून मऊ झालेले ते हात! "सोळाव्या वर्षी शेवटचा चढलास. तेही बाबा खालून शिव्या देत होते म्हणून. आता शिव्या कोण देणार?"

"दादा, थट्टा नको. नीरा चालली आंबायला."

"आंबू दे. शिरका करू."

"आणि पोयी?"

प्रासोनने चुलीतलं लाकूड मागे ओढलं, परत पुढे सारलं. सकाळपासून चौथ्यांदा.

"तू खरंच मानतोस हे?" निरुतने आवाज खाली आणला. "एका ओल्या कापडाने..."

"मानतो की नाही ते जमिनीवर बसून काय सांगू? जमिनीवर मी काहीच मानत नाही. वर चढल्यावर, वारा सुटला की हात कोयत्यावर ठेवायचा की खोडाला धरायचा हे ठरवताना माणसाच्या मनात एवढीशी जरी शंका आली ना..." त्याने बोटाचं पेर दाखवलं. "तेवढी पुरते."

निरुतला स्वतःचाच राग येत होता. इनेशसाठी त्याने लिस्बनमध्ये अख्खी वही भरली होती. कोणाच्या डोक्याला हात लावायचा नाही. बसताना तळवे कोणाकडे करायचे नाहीत. उंबरठ्यावर पाय द्यायचा नाही, निजलेल्याला ओलांडायचं नाही, भिक्खूंच्या हातात थेट काही द्यायचं नाही, हात कोणापुढे नाकापर्यंत जोडायचे आणि कोणापुढे हनुवटीपर्यंत. इनेशने सगळं पाठ केलं. नऊ दिवसांत एकही चूक नाही. पण दोरीचं त्याच्या वहीत आलंच नाही, कारण ते आपल्याला ठाऊक आहे हेच त्याला ठाऊक नव्हतं. आणि इनेशच्या लिस्बनमध्ये तर डोंगरउतारावरच्या गल्ल्या, या खिडकीपासून त्या खिडकीपर्यंत दोऱ्या, येणारे-जाणारे सगळ्या मोहल्ल्याच्या कपड्यांखालून चालतात. तीन वर्षं तोही चालला होता, मजेत.

जिन्यावरून वानपेन उतरली. तिच्या मागे चार पायऱ्या सोडून अरुणी.

"निरुत, धागा पुढच्या महिन्यात बघू," वानपेन म्हणाली, जणू भाजी उद्या आणू म्हणावं तसं. "एखादा चांगला दिवस काढून घेते मी विहारातून."

"पुढच्या महिन्यात इनेश इथे नसेल, ताई. परवाचं तिचं विमान आहे."

"मग पुढच्या वर्षी."

"आईने आज सांगितलंय."

"आईला मी समजावेन."

"वहिनी?" निरुत अरुणीकडे वळला. काल रात्रीच्या जेवणापर्यंत ही बाई त्यांच्या बाजूची होती. इनेशला आपलं रेशमी पातुंग द्यायचं म्हणून पेटीतून काढून ठेवलं होतं तिने. अरुणीने चुलीकडे बघितलं.

"मला नका विचारू. माझा माणूस चढतो."

"दादा, तू तरी बोल!"

"मी काय बोलू?" प्रासोन म्हणाला. "पोरगी चांगली आहे. पण ताई म्हणतेय तर..."

निरुत हसला. तो अगदी रुंद हसला, कारण त्याला त्या क्षणी ती रिकामी कढई उचलून कालव्यात फेकावीशी वाटत होती.

*

इनेश हसू मोजत होती.

प्रासोनदादांचं एक. मग अरुणीवहिनी, त्यांनी कपडे उतरवलेले तिने वरून पाहिले आणि विचारलं, "नीट पिळले नव्हते का?" तर, "छे गं, मै-पेन-राय, मै-पेन-राय." काही हरकत नाही. मग वानपेनताईंनी तिच्या हातातला झाडू हसत काढून घेतला. तू बस, दमली असशील. ती माजघरात चटईवर तळवे पाठीमागे दुमडून बसली होती आणि सगळं घर तिच्याभोवती चवड्यांवर चालत होतं.

निरुत आत आला. त्याचंही हसू तेच.

"तू नको हसूस," ती म्हणाली. "तू हसलास तर मी रडेन. काय केलंय मी?"

त्याने सांगितलं. ताईने नको म्हटलेलं असूनही सगळं सांगितलं, दोरीचं, ताइताचं, बाबांचं, धाग्याचं. इनेश ऐकत राहिली. तिच्या चेहऱ्याचा रंग हळूहळू उतरत गेला.

"म्हणजे त्यांना वाटतंय, माझ्यामुळे दादा पडतील."

"तसं कोणी म्हणत नाही."

"कोणी काहीच म्हणत नाही! हेच तर." तिने डोळे पुसले. "ताई वहिनींना दिवसातून दहा वेळा ओरडतात. भात मऊ झाला, झाकण उघडं टाकलं, केस बांध. मी परवा आमटीत मीठ दोनदा घातलं. सगळ्यांनी दोनदा वाढून घेतली. मला नऊ दिवसांत कोणी एकदा तरी ओरडलंय?"

"पाहुण्यांना कोणी ओरडत नाही, इनेश."

"माहीत आहे," ती म्हणाली. "मला पाहुणी होऊन परत नाही जायचं."

"आत्ता सगळ्यांसमोर माफी मागायला जाऊ नकोस. तू बोललीस तर त्यांना कळेल की तुला कळलंय, मग त्यांची आणखी पंचाईत."

"मग मी करू तरी काय?"

बाहेर ऊन चढत होतं आणि तेहतीस ताडांवरची नीरा आंबत होती.

*

आईचे, लमून म्हातारीचे, गुडघे गेले होते, डोळे गेले नव्हते. सकाळी सातला ती वरच्या खिडकीत विडा कुटत बसली होती आणि तिने सगळं पाहिलं होतं. थेंब पडलेला पाहिला, प्रासोन थांबलेला पाहिला, सून काठी घेऊन धावलेली पाहिली. तेव्हाच हाक मारता आली असती. तिने मारली नाही. कोण काय करतंय ते तिला बघायचं होतं. आणि एक भीतीही होती, सहा वर्षं जुनी, तिच्याबद्दल ती कोणाशी बोलली नव्हती.

अकराला ती अंगणात खुर्चीवर येऊन बसली. पांढरा सदरा, कमरेला साधं करडं पातुंग.

"जांभळं नाही नेसलीस?" वानपेनने विचारलं.

"ओलं आहे म्हणे," म्हातारी म्हणाली.

चांदीचं पातेलं आलं, पाण्यावर जाईच्या कळ्या तरंगत होत्या. म्हातारीने दोन्ही तळहात पुढे धरले. आधी थोरली. वानपेन गुडघ्यांवर बसली, तिने वाटीने पाणी घातलं आणि दर वर्षीचे शब्द म्हटले, "आई, कायेने, वाचेने, मनाने, कळत नकळत माझं काही चुकलं असेल तर..."

इथे दर वर्षी तिचा आवाज बारीक होत असे. या वर्षी तो बंदच पडला. वाटी कलंडली, पाणी म्हातारीच्या मांडीवर सांडलं.

"असू दे," म्हातारी म्हणाली. "प्रासोन, तू ये. आणि मला सांग, कढई रिकामी का?"

"पाठ धरली, आई."

"पाठ धरली की टाळू भिजली?"

निरुतने इनेशचा हात धरला. कोंबडं झाकून ठेवलं तरी उजाडायचं राहत नाही, आणि म्हातारीच्या घरात तर मुळीच नाही.

"आई, नको हा विषय," वानपेन म्हणाली. "पाहुणीसमोर..."

"मी माझ्या पोराशी बोलतेय. काय रे, कोणाच्या पातुंगाखालून गेलास?"

"तुझ्या," प्रासोन मान खाली घालून म्हणाला. "पण थेंब पडला, आई. पुढे अरुणीचीही होती..."

"थेंब कोणाच्या पातुंगाचा?"

"तुझ्याच."

"पुढच्यांच्या खालून गेलास?"

"नाही. थांबलो तिथेच."

"मग गाढवा, त्रेचाळीस वर्षांपूर्वी कुठून आलास? चिंचेवरून पडलास?"

अरुणीच्या तोंडून फिस्सकन हसू निसटलं. तिने ते बाहीने दाबलं. प्रासोनचे कान लाल झाले.

"लढाईवर जाणारी पोरं आईच्या पातुंगाचा काठ फाडून बरोबर नेतात, कपाळाला बांधतात. गोळी चुकावी म्हणून. तुझे मोठे मामा नेऊन परत आले. बाकी बायकांचं मला ठाऊक नाही, पण आईचं पातुंग लेकराच्या डोक्यावर आलं तर त्याचं वाईट होतं, हे तुला कोणी सांगितलं? अरुणी, आण ते जांभळं. आणि कात्री."

"सणाचं आहे, आई!"

"माझा पोर सणापेक्षा मोठा आहे."

अरुणी उठणार, तेवढ्यात वानपेन बोलली. तिचा आवाज तिच्याही ओळखीचा नव्हता.

"मग बाबा कोणाच्या खालून गेले?"

"ताई..." निरुत म्हणाला.

"नाही, बोलू दे मला. आईचं होतं म्हणून प्रासोन सुटला. ठीक. बाबांच्या वेळी माझं होतं." ती जमिनीकडे बघत बोलत होती. "मला शाळेत जायची घाई होती. मागच्या तारेवर जागा नव्हती. म्हटलं, तासाभराचा प्रश्न आहे, समोर टाकू, कोण बघतंय. दुपारी निरोप आला. घरी येऊन बघते तर दोरी रिकामी. माझं पातुंग कपाटात, घडी घालून. सहा वर्षं मी विचार करतेय, घडी कोणी घातली. सहा वर्षं मी सगळ्यांवर ओरडतेय, हे इथे नको, ते तिथे नको. आणि मीच..."

बालवाडीच्या पोरांना शिस्त लावणारी ती बाई अंगणाच्या मातीत बसून पोरासारखी रडायला लागली. प्रासोन आ वासून बहिणीकडे बघत राहिला. या बहिणीला रडताना त्याने बापाच्या चितेपाशीही पाहिलं नव्हतं.

"घडी मी घातली," म्हातारी म्हणाली.

वानपेनने मान वर केली.

"तुला माहीत होतं?"

"लोक यायच्या आत काढलं. तुझ्याकडे कोणी बोट दाखवू नये म्हणून."

"मग कधी बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर दुसरंही बोलावं लागलं असतं." म्हातारीने ओले हात मांडीवर ठेवले. "तुझा बाप पडला तो शिडीचं खुंट मोडून. ताडाला बांधलेला बांबू जुना झाला होता. वरून सातवं खुंट हलतंय, असं तो मला चार दिवस आधी म्हणाला होता. मी म्हटलं, आता सणाची गडबड आहे, सण झाला की नवा बांबू आणू. सगळं गाव ताइताचं बोलत होतं आणि मी बोलू दिलं. खुंटाचं कोणी विचारलंच नाही. तुझ्या पातुंगाने नाही पडला तो, वानपेन. माझ्या सणाने पडला."

वानपेन गुडघ्यांवरच पुढे सरकली आणि तिने आईच्या मांडीवर कपाळ टेकलं. म्हातारीने तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"सहा वर्षं दोघी एका घरात राहिलो," म्हातारी म्हणाली. "किती वेड्या आपण."

प्रासोनने बाहीने नाक पुसलं. "मी त्याच वर्षी सगळे बांबू बदललेत," तो हळूच म्हणाला. "तेहतीसच्या तेहतीस. मलाही खुंट सापडलं होतं, आई. तुला वाईट वाटेल म्हणून मी बोललो नाही."

यावर म्हातारी इतकी मोठ्याने हसली की तिच्या तोंडातला विडा खाली पडला. हसताना तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तिने ते पुसलंही नाही.

मग जांभळं पातुंग आलं. म्हातारीने स्वतः पिवळा काठ वीतभर कापला आणि प्रासोनच्या गळ्यात, ताइताच्या दोऱ्यालाच गाठ मारून बांधला. निरुत आणि इनेश तिच्यासमोर बसले. इनेशने पाणी घातलं, पाठ केलेले शब्द म्हटले. म्हातारीने पांढरा धागा दोघांच्या मनगटांना बांधला. वानपेनने कात्री पुढे केली, उरलेला धागा कापायला.

*

प्रासोन पहिल्या ताडाशी गेला तेव्हा बारा वाजून गेले होते. त्याने आधी प्रत्येक खुंट हाताने हलवून बघितलं, मग चढला. अरुणी खाली उभी राहिली, कोरड्या घशाने, नेहमीसारखी. अर्धी नीरा आंबली होती. पण पोयी ओल्या होत्या. त्याने वरून तसं ओरडून सांगितलं आणि निरुतने चुलीत लाकूड सारलं.

धाग्यानंतर सणाच्या रीतीने सगळ्यांनी एकमेकांवर पाणी ओतलं होतं, अंगणात भिजलेले कपडे पडले होते. म्हातारीचं करडं पातुंग, सदरा, प्रासोनचा पाण्याने चिंब शर्ट. इनेशने ते गोळा केले. समोरच्या दोरीकडे तिने ढुंकूनही बघितलं नाही. सरळ घरामागे गेली, कमरेएवढ्या तारेपाशी, आणि एकेक करून नीट पसरले. वानपेन भाताचं पाणी टाकायला मागे आली, आणि बघते तर पातुंगाला खेटून, त्याच तारेवर, भावाचा शर्ट.

"अगं ए!"

इनेश दचकून वळली.

"डोकं आहे की नारळ? पुरुषाचा सदरा या तारेवर घालतात? आणि पातुंगाला चिकटवून? नऊ दिवस झाले, डोळे काय ताडावर टांगलेत? काढ तो! काढ आधी! आणि तो निरुत, वह्या भरतोय नुसत्या, त्यालाही बघते मी. चल, पुढच्या दोरीवर टाक. धावत!"

हातात तवा घेऊन अरुणी स्वयंपाकघराच्या दारात आली. "ताई, अहो ताई," ती घाबरून म्हणाली, "मै-पेन-राय..."

इनेश शर्ट छातीशी धरून उभी होती आणि तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि तिचं तोंड कानापर्यंत हसत होतं.

"हसतेस काय? धाव म्हटलं ना!"

"हो, ताई," इनेश म्हणाली आणि धावली.

ताडाच्या शेंड्यावरून प्रासोनची हाक आली. "खाली काय आरडाओरडा चाललाय? कोण आलंय?"

वानपेनने तोंडाशी हात नेले आणि वर बघून ओरडली, "कोणी नाही रे! आपलंच घरचं आहे!"